‘विंडोज ११ मारून दिली की झालं’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

कऱ्हाडच्या माझ्या मामेबहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, टाकल्याचा लेख मी लिहिला, त्यावर तुमची मोठी आणि चांगलीच तापलेली प्रतिक्रिया आली. तुम्ही अठरा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवता असं लिहिलंय. एवढ्या वर्षांच्या हाताला ‘धन्यवाद, मत नोंदवलं’ असं उत्तर देणं मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

इतर वाचकांसाठी तुमचे तीन आक्षेप आधी मांडतो. पहिला, पाचव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरला विंडोज ११ चालत नाही असं सांगून मी लोकांना घाबरवलं. रुफस या प्रोग्रॅमने विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह केला की ती अर्ध्या तासात बसते, तुम्ही अशी शंभरावर मशिनं करून दिलीत आणि एकही परत आलं नाही. दुसरा, मिंट देऊन मी बी.कॉम. करणाऱ्या मुलीला वाऱ्यावर सोडलं, कारण त्यावर हिशेबाचं टॅली नाही की मराठी टायपिंगची श्रीलिपी नाही. तिसरा, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि रॅमवर घातलेले पैसे रीफर्बिश्ड, म्हणजे वापरून नीट केलेल्या, लॅपटॉपसाठी वापरले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. माझी बहीण टॅली क्लासच्या कॉम्प्युटरवर शिकते, घरी तिला ते लागत नाही. हे मला माहीत होतं, पण लेखात मी ते लिहिलंच नाही. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनतं. ज्याला रोज घरी त्यावर बसायचंय त्याला मिंट देणं चूकच. लेख वाचून एखाद्या कॉमर्सच्या मुलाने विंडोज पुसली असेल, तर तो दोष माझा.

श्रीलिपीचं दुखणं टॅलीपेक्षा खोल आहे आणि त्यावर मी एक ओळही लिहिली नव्हती, याचं मला खरंच वाईट वाटलं. श्रीलिपी, कृतिदेव हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याच्या आधीचे. त्यांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेला असतो. कृतिदेवमध्ये ‘एफ’च्या कळीवर ऱ्हस्व वेलांटी आहे आणि ‘डी’च्या कळीवर क. ‘कि’ लिहायचा तर वेलांटी आधी आणि क नंतर, छापखान्यात खिळे जुळवल्यासारखं. युनिकोडमध्ये नेमकं उलट, क आधी साठवला जातो आणि वेलांटी मागून येते. रफाराचंही तेच. ‘अर्ज’ या शब्दात जुना फॉन्ट रफार ज-नंतर ठेवतो, युनिकोड र् आधी ठेवतो. म्हणून जुनी फाइल युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रोग्रॅमला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांची जागाही फिरवावी लागते आणि जोडाक्षरांत तो हमखास कुठेतरी अडखळतो. दहा पानांच्या मजकुरात चार रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेले मी स्वतः वेचलेत.

मिंटवर त्या फॉन्टची फाइल आणून ठेवली तर लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये) जुना मजकूर दिसतो, छापताही येतो. पण टायपिंगसाठी श्रीलिपीचा जो नेहमीचा कळफलकाचा प्रोग्रॅम लागतो, तो विंडोजसाठीचा आहे. म्हणजे वाचण्यापुरतं जमतं, रोजचं काम जमत नाही. माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि अहवाल अशा फॉन्टमध्ये आहेत. त्यांना मी मिंट सुचवणार नाही, तुमची विंडोज ११सुद्धा सुचवणार नाही. ते मशीन आहे तसं मुदत संपलेल्या विंडोज १०वर ठेवा, इंटरनेट काढून टाका, तयार पानाची पीडीएफ पेनड्राइव्हने दुसऱ्या मशीनवर न्या. आणि त्या मशीनवर बँक कधीही उघडू नका. इतकं केलं तर ते हार्डवेअर दमेपर्यंत काम देईल.

बहिणीला मात्र यातलं काहीच लागत नव्हतं. ती इन्स्क्रिप्टने, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकाने, टाइप करते आणि मिंटमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन फक्त जोडायचा. परीक्षेचा अर्ज, सातबारा, रेल्वेचं तिकीट, सगळं ब्राउझरमध्ये होतं.

आता तुमचा पहिला आक्षेप. इथे मी मागे हटणार नाही.

‘चालत नाही’ हा माझा शब्द चुकीचा होता, तो मागे घेतो. ती चालते, आणि रुफसच्या पेनड्राइव्हने बसवायला खरंच फार काही लागत नाही. पण बसवणं आणि पुढे चालू राहणं यांत जे अंतर आहे, ते मी घरातल्याच एका लॅपटॉपवर पाहिलंय.

तासगावला आमचे दाजी द्राक्षबागेचा सगळा हिशेब लॅपटॉपवर ठेवतात आणि बँकेचे व्यवहारही त्यावरूनच करतात. लॅपटॉप सहाव्या पिढीचा आय३, म्हणजे विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या प्रोसेसरच्या यादीत न बसणारा. २०२२च्या दिवाळीत मीच त्यावर रुफसने विंडोज ११ टाकली, तेव्हाची नवी २२एच२ आवृत्ती. दाजी खूश झाले. ताईचा फोन आला की मी न चुकता विचारायचो, लॅपटॉप कसा आहे? उत्तर ठरलेलं, ‘मस्त चाललाय.’ २०२५च्या दिवाळीत भाऊबीजेला गेलो आणि सहज विनव्हर, ही विंडोजची आवृत्ती दाखवणारी आज्ञा, लिहून पाहिलं. आवृत्ती अजून २२एच२. अपडेटच्या यादीत शेवटची नोंद ऑक्टोबर २०२४ची.

झालं असं होतं. विंडोज ११ची प्रत्येक आवृत्ती होम आणि प्रो वापरणाऱ्यांसाठी दोन वर्षं सांभाळली जाते. २२एच२ची मुदत ८ ऑक्टोबर २०२४ला संपली. यादीतल्या मशीनला पुढची आवृत्ती आपोआप येते, यादीबाहेरच्या मशीनला सहसा येत नाही, ती हाताने टाकावी लागते. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट येत असतात, त्यामुळे दोन वर्षं सगळं सुरळीत वाटतं आणि मग ते गुपचूप थांबतात. स्क्रीन काळी पडत नाही, लॅपटॉप अडकत नाही. दाजींनी वर्षभर त्याच मशीनवरून खतांचे आणि मजुरीचे पैसे पाठवले. नुकसान काही झालं नाही, पण त्यात माझी हुशारी काहीच नव्हती.

म्हणून तुमचं ‘एकही परत आलं नाही’ हे वाक्य वाचून मला धीर आला नाही, उलट काळजी वाटली. अशी मशिनं परत येणारच नाहीत. परत यायला काहीतरी बिघडलेलं दिसावं लागतं.

अपडेट उशिरा मिळण्याने काय होतं ते २०१७ साली जगाने पाहिलंय. वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ला पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, जवळपास दोन महिने आधी. सगळे म्हणतात तो जुन्या विंडोज एक्सपीचा दोष होता. पण बळी पडलेल्यांत सर्वांत जास्त विंडोज ७ची मशिनं होती, जिची मुदत तेव्हा संपलीही नव्हती. अपडेट निघालं होतं, त्या मशीनपर्यंत पोचलं नव्हतं. दाजींच्या लॅपटॉपचं नेमकं तेच झालं होतं.

विंडोज ११ला ठरावीक हार्डवेअरच हवं, यावर ‘कंपनीने नवे लॅपटॉप खपवायला ही अट घातली’ असंही तुम्ही लिहिलंय. कंपनीला नवे लॅपटॉप खपलेले आवडतात यात शंका नाही. पण अट पोकळ नाही. टीपीएम २.० म्हणजे किल्ल्या वेगळ्या तिजोरीत ठेवणारी व्यवस्था, सिक्युअर बूट म्हणजे चालू होतानाच खोट्या प्रोग्रॅमला दारात अडवणं. आणि मेमरी इंटिग्रिटी नावाचं जे संरक्षण विंडोज ११ वापरते, त्याला लागणारी सोय जुन्या प्रोसेसरमध्ये नसते. तिथे तेच काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि मशीन मंदावतं. मग बहुतेक ठिकाणी ते बंद करूनच ठेवलं जातं. म्हणजे नाव विंडोज ११, पण ज्यासाठी ती घ्यायची ते अर्धं बाजूला.

दाजींच्या लॅपटॉपचं पुढे काय केलं हेही सांगतो, नाहीतर मी फक्त मिंटचा प्रचार करतो असं वाटेल. त्यांच्या एक्सेलच्या फाइलींत मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा) आहेत, लिबरऑफिसमध्ये त्या नीट चालेनात. म्हणून तिथे पुन्हा विंडोज ११च ठेवली, हाताने २५एच२ टाकली. तिला ऑक्टोबर २०२७पर्यंत अपडेट मिळतील. पण या वेळी माझ्या फोनमध्ये आठवण लावलीय, दर ऑक्टोबरला तासगावला जाऊन पाहायचं. त्या मशीनची जबाबदारी मी घेतलीय. तुमच्या शंभर गिऱ्हाइकांसाठी ही आठवण कोणाच्या फोनमध्ये आहे, हा माझा प्रश्न आहे. मनापासून विचारतोय. तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपवर असं केलंत तर माझा काहीच आक्षेप नाही, तुम्हाला पुढचं माहीत आहे. माझा लेख काउंटरवर लॅपटॉप ठेवून ‘जरा बघा’ म्हणणाऱ्यासाठी होता.

मिंटची बाजू मी या एकाच कारणासाठी घेतली. मिंट २२ची मालिका उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. आपोआप घेण्याची सोय अपडेट मॅनेजरमध्ये एकदा चालू केली की बहिणीला काही करावं लागत नाही, आणि प्रोसेसर कुठल्या पिढीचा हे कोणी विचारत नाही, ६४ बिटचा असला की पुरतं. अपडेटने काही बिघडलंच तर टाइमशिफ्ट या सोयीने आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर परत जाता येतं. पण २०२९ला तिथेही कुणीतरी बसून मोठी आवृत्ती बदलावी लागेल, हे मी लेखात झाकलं होतं. ती वेळ मिंटलाही चुकत नाही, ती फक्त लांब आहे.

तिसऱ्या आक्षेपावर आपलं फारसं भांडण नाही. आठव्या पिढीचा चांगला रीफर्बिश्ड लॅपटॉप परवडत असेल तर तोच घ्यावा, सगळे प्रश्न तिथेच मिटतात. बहिणीच्या घरी तेवढे पैसे नव्हते. एसएसडी आणि आठ जीबी रॅम मिळून साडेतीन हजारांच्या आत भागलं. शिवाय जुन्या हार्ड डिस्कने ते मशीन जे रडत होतं ते थांबलं. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच मिलीसेकंद, आणि टोक सरकायचा वेळ वेगळा. विंडोज चालू होताना असे हजारो छोटे फेरे होतात. एसएसडीला फिरायचंच नसतं. जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून तिला दिली, मामांचे जुने फोटो त्यातच सुरक्षित आहेत.

रीफर्बिश्ड घेणाऱ्यांना एक विनंती. ‘विंडोज ११ आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. सहाव्या-सातव्या पिढीवर ती बसवून विकलेली मशिनं मी पाहिलीत. प्रोसेसरचा आकडा वाचा. आय५-८२५० म्हणजे आठवी पिढी, आय५-७२०० म्हणजे सातवी. मशीन विंडोज ११च्या अटीत बसतं का, हे मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्रॅमही दोन मिनिटांत सांगतो.

आणि ज्यांना आजच्या आज काहीच बदलायचं नाही, त्यांना घाबरवल्याबद्दल तुम्ही मला बोललात ते मान्य. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली तरी ईएसयू नावाच्या वाढीव योजनेत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग सिंक केली तर पैसेही पडत नाहीत. लेखाच्या सुरुवातीलाच हे यायला हवं होतं.

आज रात्री लेखात चार बदल करतोय. टॅली आणि श्रीलिपीवाल्यांनी मिंट टाकू नये हे अगदी वर येईल, त्याखाली ईएसयूची माहिती. ‘चालत नाही’ हे शब्द काढतोय, आणि २०२९ची गोष्ट घालतोय. बदल तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाले हेही तिथे लिहीन.

तुमच्याकडून एकच हवंय. त्या शंभरांपैकी एखादं मशीन बॅटरीसाठी किंवा कीबोर्डसाठी दुकानात आलं, तर परत देण्याआधी त्यावर विनव्हर उघडून आवृत्ती बघा आणि शेवटचं अपडेट कुठल्या महिन्याचं आहे ते इथे कळवा. पाच-दहा मशिनांचं झालं तरी चालेल. निघेल ते, माझ्या विरुद्ध असलं तरी, लेखात तसंच टाकतो.