पायथन ३.८ ‘न सांगता’ बंद केलं, या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) भरायच्या आदल्या दिवशी, ऐन दहा तारखेला, तुमच्या म्हापशाच्या दुकानात बिलं निघेनाशी झाली. त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण एकच तारा देताना तुम्ही लिहिलंत, ‘न सांगता पायथन ३.८ बंद केलं.’ हे आम्हाला लागलं, कारण ते खरं नाही. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, ३.८ ही तिची जुनी आवृत्ती. आमची त्यावर चालणारी बिल छापायची लायब्ररी (तयार कोडचा संच) ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुली आहे, तिचा एक पैसाही आम्ही घेत नाही. लायब्ररीच्या ४.९ या आवृत्तीच्या बदलनोंदीत पहिलीच ओळ ‘३.८ पुढे चालणार नाही’ हीच होती. इशाराही साध्या डेप्रिकेशन वॉर्निंगने (‘हे पुढे बंद होणार’ अशा सूचनेने) दिला नव्हता, ती पायथन बहुतेक वेळा लपवतो. मुद्दाम फ्यूचर वॉर्निंग वापरली, ती कमांडच्या काळ्या खिडकीत दिसतेच.

शिवाय लायब्ररीच्या आवृत्ती ५ ला पायथन ३.१० लागतं, ही अट पॅकेजमध्येच नोंदलेली आहे. पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या साधनाने) अपडेट केलं असतं तर ३.८ वर आवृत्ती ५ उतरलीच नसती, ४.९ च राहिली असती. तुमच्याकडे नवं फोल्डर पेनड्राइव्हवरून थेट साइट-पॅकेजेसमध्ये, म्हणजे लायब्रऱ्या ठेवायच्या फोल्डरमध्ये टाकलं गेलं. तिथे पिपची तपासणी होतच नाही. मग ‘मॅच’ची पहिली ओळ आली आणि सिंटॅक्स एरर! ३.१० च्या आधीच्या पायथनला ती रचना कळतच नाही.

३.८ ची मुदत आम्ही नाही संपवली. पायथनकडूनच ऑक्टोबर २०२४ पासून त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद झाल्या, आणि वर्षभराने ३.९ ला. बिलावरचा लोगो आणि क्यूआर ज्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीवर चालतो, तिनेही ११.० पासून ३.८ सोडलं. २०२३ मध्ये वेबपी या चित्रप्रकाराच्या कोडमध्ये गंभीर दोष निघाला, तो पिलो १०.०.१ ने बुजवला. उद्या तसाच दोष निघाला तर ३.८ वाल्यांना दुरुस्ती मिळणार नाही.

‘नवा पीसी गळ्यात मारतात’ असंही तुम्ही लिहिलंत. पीसी आम्ही विकतच नाही. तुमचं मशीन विंडोज ७ वर आहे आणि त्यावर ३.८ च्या पुढचं पायथन बसत नाही, एवढंच आमच्या माणसाने सांगितलं.

तूर्त असं करा. आवृत्ती ५ चं फोल्डर पूर्ण काढून टाका, त्यावरच ४.९ बसवू नका, फाइली मिसळतात. मग पिपला ‘५ पेक्षा खालची’ अशी अट घालून बसवा आणि तीच अट रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत) लिहा. जुनी बिलं डेटाबेसमध्ये आहेत, त्यांना धक्का लागत नाही.

४.९ आम्ही पायपीआयवरून, म्हणजे पिप जिथून लायब्रऱ्या आणतो त्या साठ्यातून, काढणार नाही. इशारा बिलिंगच्या पडद्यावरच दिसेल असं काहीतरी करतो आहोत, आणि जीएसटी भरायच्या अकरा आणि वीस तारखेच्या आसपास नवी आवृत्ती न सोडण्याचंही बघतो. चवथीच्या गर्दीआधी एक फोन करा, आमचा माणूस येऊन मशीन बघून जाईल.