बर्फात अडकलेली गाडी म्हणजे घोडबंदरचा ट्रॅफिक नव्हे

डिसेंबर आला की ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांत मनालीचे बेत ठरतात आणि चर्चा रंगते ती फोर बाय फोरवर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचं बळ मिळणाऱ्या गाडीवर. ती चढायला कामाची, थांबायला नाही. काचेसारख्या बर्फावर ब्रेक दाबला की लाखोंची एसयूव्हीही हॅचबॅकसारखीच घसरते. त्यापेक्षा टायरवर गुंडाळायची बर्फाची चेन घ्या, आणि इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच घाला. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची. चेनवर ताशी ४० च्या पुढे जाऊ नका. तुटली तर आतली ब्रेकची नळीही फाडते.

पण माणसं घसरून कमी, अडकून जास्त फसतात. डिसेंबर २०२४ मध्ये मनालीजवळ सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजारेक गाड्या अडकल्या होत्या. ठाण्याच्या घोडबंदर रोडला कोंडी झाली की आपण काचा चढवून, इंजिन चालू ठेवून बसतो. तिथे हीच सवय जिवावर बेतते. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीखाली कोंडतो आणि फटींतून आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. प्रवासाचा थकवा समजून माणूस डोळे मिटतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे वीसहून अधिक पर्यटक गेले, त्यांतले बरेच बंद गाड्यांत.

तेव्हा इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवा. दर वेळी आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने, फावड्याने, अगदी ताटलीनेही उपसा. वारा ज्या बाजूने येत नाही तिकडची काच दोन बोटं उघडी. गाडी सोडून चालत निघू नका. हिमवादळात दहा पावलांवरचा रस्ता दिसत नाही. हॉटेलच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणं हाही तोच प्रकार, फक्त गादीवर.

इथूनच डिझेल गाडी नेणाऱ्यांनी ठाण्यात टाकी फुल करून तेच डिझेल वर नेऊ नये. थंडीत त्यात मेण धरतं, फिल्टर चोंदतो आणि सकाळी गाडी नुसती कण्हते. लडाखसाठी तर उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल मिळतं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टॉप-अप केलं असेल तर निघण्याआधी काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरून घ्या. रात्री हँडब्रेक ओढू नका, ओले ब्रेक गोठून चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.