‘चार डबे पुसले’ या प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या सिनेमांच्या फिल्म जपणारी संस्था काढणाऱ्या शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक गिरगावकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: ‘राजघराण्यातल्या माणसाने चार डबे पुसले की तुम्हा लोकांना तो लगेच दानशूर वाटतो. हे काम सरकारचं आहे. आणि मराठी सिनेमांचं काय? शिवाय संस्थेचं सालही चुकलंय.’

साल चुकलं, मान्य. त्यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनची स्थापना २०१४ची, मी २०१३ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कोणाला हो? अकरा वर्षं लिहितोय इथे, मतभेद पुष्कळ झाले, पण असं झटकून कोणी बोललं नव्हतं. लेख पटला नाही तर तसं सांगा की. मला कुठल्याशा टोळीत ढकलायचं काय कारण?

आता ते डबे. माझे वडील परळच्या एका थिएटरात ऑपरेटर होते. प्रोजेक्टरमधल्या जळत्या कार्बनच्या धगीत उभं राहून त्यांनी सव्वीस वर्षं खेळ चालवले. थिएटर बंद पडलं तेव्हा मालकाने उरलेली रिळं किलोच्या भावाने भंगारात घातली. त्यातलं एक वडिलांनी घरी आणून माळ्यावर ठेवलं. काही पावसाळ्यांनी डबा उघडला तर व्हिनेगरचा भपकारा आला. ॲसिटेटची फिल्म सडायला लागली की असाच वास येतो, आणि मुंबईची दमट हवा तिचा काळच. आईच्या जुन्या पातळाचा तुकडा घेऊन वडील रविवारची अख्खी दुपार बसले होते. वेढे एकमेकांना चिकटून रिळाचा ठोकळा झाला होता. हातभर फिल्मसुद्धा सुटली नाही. डबा वेळेवर पुसणं म्हणजे काय, हे मी तिथे पाहिलंय. तुम्ही कुठे पाहिलंत?

‘मंथन’चंच घ्या. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून उभा केलेला, १९७६चा बेनेगलांचा सिनेमा. २०२४ साली तो नव्याने कान महोत्सवात दाखवला गेला. चित्र पुण्याच्या सरकारी चित्रपट संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हवरून घेतलं, पण आवाज घेतला तो याच फाउंडेशनने जपलेल्या एका ३५ मिलिमीटर प्रिंटवरून. तुमच्या ‘चार डब्यां’सारखाच डबा तो. कोणीतरी तो सांभाळला नसता तर?

आणि राजघराणं! माणूस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, गुलजारांचा सहायक होता, मग जाहिरातपट केले. पुण्याचं ते संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्यावरचा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट त्याने स्वतःच्या निर्मितीसंस्थेतून काढला, अकरा छायालेखकांना घेऊन. तोही अशा माणसावर, ज्याचं नाव तेव्हा इन्स्टिट्यूटबाहेर फारसं कोणी घेत नव्हतं. पैसा असलेली माणसं मुंबईत थोडी नाहीत. रिळांवर तो किती जणांनी लावला, सांगा. दानशूर हा शब्द मी विचार करून वापरलाय, तो मागे घेणार नाही.

सरकारने करावं, हे मलाही हवंच आहे. पुण्याचं संग्रहालय १९६४पासून आहे आणि वरची निगेटिव्ह तिथलीच होती. त्यावर वाद कसला?

तुम्ही गिरगावकर म्हणवता म्हणून एक सांगतो. १४ मार्च १९३१ला ‘आलम आरा’ तुमच्याच गिरगावात, मॅजेस्टिकला लागला होता. देशाचा पहिला बोलपट, आणि आज त्याची एकही प्रिंट सापडत नाही. हे माहीत असलेला गिरगावकर ‘चार डबे’ म्हणतो, याचा मला खरोखर राग आला.

मराठी सिनेमांवर वेगळा लेख लिहीन, तो इथे उरकण्याचा विषय नाही. त्याखाली जरूर लिहा, पण ‘तुम्हा लोकांना’ वगळून.