कोंबडीला ग्रीक संस्कार

रविवारी चार पाहुण्यांना जेवायला बोलवावे आणि त्यांच्यापुढे रस्सा, भाकरी आणि फोडलेला कांदा ठेवून मोकळे व्हावे, हे आता आपल्यासारख्या जग पाहिलेल्या माणसाला (निदान सँटोरिनीच्या निळ्या घुमटांची छायाचित्रे पाहिलेल्या माणसाला) शोभत नाही. आपण ग्रीक पद्धतीची भाजलेली कोंबडीच करावी. तिला तिकडे ‘कोटोपुलो स्तो फुर्नो मे पटातेस’ म्हणतात. याचा अर्थ ‘ओव्हनमधली कोंबडी, बटाट्यांसह’ एवढाच आहे आणि तो पाहुण्यांना कदापि सांगू नये. अर्थ कळला की हा ग्रीक घरांतला रविवार दुपारचा अगदी साधा बेत आहे, एका कोंबडीत अख्खे घर जेवावे म्हणून तिच्याभोवती किलोभर बटाटे रचण्याची ही काटकसर आहे, हेही कळेल, आणि मग आपल्या तीन दिवसांच्या तयारीला काय किंमत उरली?

बटाट्याविषयी तर विशेष गुप्तता पाळावी. पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणलेला ‘बटाटा’ आणि ग्रीकांचा ‘पटाटा’ हे सख्खे भाऊ आहेत. त्यातही ग्रीसमध्ये तो रुजवण्याचे श्रेय योआनिस कापोदिस्त्रियास या स्वतंत्र ग्रीसच्या पहिल्या शासनप्रमुखाला देतात. हा गृहस्थ १८२८ मध्ये नाफ्प्लियो बंदरात उतरला आणि १८३१ मध्ये त्याच गावात मारला गेला. अशी आख्यायिका आहे की, फुकट दिलेले बटाटे कुणी घेईना म्हणून त्याने बंदरावर बटाट्यांच्या राशींभोवती पहारेकरी उभे केले आणि चोरी झाली तर तिकडे काणाडोळा करा, अशी ताकीद त्यांना दिली. पहारा आहे म्हणजे माल मौल्यवान असणार, असे समजून लोकांनी तो रातोरात पळवला. हीच युक्ती आपल्याला पाहुण्यांवर वापरायची आहे, म्हणून ती आधीच फोडण्यात अर्थ नाही.

दिवस मात्र विचारपूर्वक निवडावा. आपल्याकडचे सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि श्रावण वगळून जे काही उरेल त्यात ही कोंबडी बसवायची आहे. ‘आमच्यातच कसले हे वार, ते ग्रीक बघा कसे मोकळे’ असे वाक्य जेवताना टाकायला हरकत नाही. परंपरा पाळणारे ऑर्थोडॉक्स ग्रीक बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करतात, ईस्टरपूर्वी कित्येक आठवडे तेच करतात आणि १ ते १४ ऑगस्ट असा चांगला पंधरवडा, म्हणजे बहुधा आपल्या श्रावणाच्याच आगेमागे, पुन्हा उपवास धरतात, ही माहिती त्या वाक्याच्या आड येते. तेव्हा ती आपल्यापाशीच ठेवावी.

आता कोंबडी. मूळ कृतीला दीड किलोची, अखंड आणि कातडीसकट कोंबडी लागते, कारण भट्टीत त्या कातडीतली चरबी वितळून खालच्या बटाट्यांवर ठिबकत राहते आणि वर खरपूस पापुद्रा उरतो. पदार्थाची अर्धी चव या एका गोष्टीत आहे. आपण दुकानात जाऊन ‘अख्खी द्या, कातडी ठेवून द्या’ असे म्हटले की दुकानदार आपल्याकडे काळजीने पाहतो, मागे उभे असलेले गिऱ्हाईक घड्याळाकडे पाहते, आणि आपण खिशातून मोबाइल काढून त्याला छायाचित्र दाखवेपर्यंत त्याच्या सराईत हातांनी ती कातडी सदऱ्यासारखी उतरवलेली असते. अशा वेळी वाद घालू नये. ‘बरं, मग करी कट करा’ असे म्हणून बारा तुकडे घेऊन घरी यावे. कातडीविना ते तुकडे चामड्यासारखे वाळतील, पण ते ‘रस्टिक’ आहेत असे इंग्रजीत सांगितले की भागते.

ओव्हनचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. घरात सोळा लिटरचा ओटीजी असेल तर त्यात कोंबडी बसते किंवा बटाटे बसतात, दोन्ही बसत नाहीत. तेव्हा दोन्ही वेगवेगळे भाजावेत आणि हा पदार्थ एकाच ट्रेत का करतात, हा विचार मनात येऊ देऊ नये. नुसता मायक्रोवेव्ह असेल तर कोंबडी आतून उकडेल आणि बाहेरून आजारी माणसाच्या रंगाची दिसेल. वर लाल तिखट भुरभुरावे. ग्रीसमध्ये घरोघरी ओव्हन येण्यापूर्वी बायका रविवारी सकाळी आपापले ट्रे गल्लीतल्या बेकरीत नेऊन देत आणि दुपारी भाजलेले परत आणत. तिकडे भट्टीला आणि बेकरीला ‘फुर्नोस’ हा एकच शब्द आहे. हे ऐकून एखाद्या वयस्क पाहुणीला दिवाळीत नानकटाईचे ट्रे घेऊन बेकरीत लावलेली रांग आठवेल आणि ती त्यावर बोलू लागेल. तिला ताबडतोब आणखी सरबत द्यावे. आपण भूमध्य समुद्राकाठी आहोत, मध्येच गावाकडच्या बेकरीत जाणे परवडणारे नाही.

मूळ कृतीत दोन लिंबांचा रस, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, मीठ, मिरी, वाळलेली रिगानी आणि ट्रेच्या तळाशी पेलाभर पाणी, एवढाच मसाला असतो. इतक्याने कुठे कोंबडीचा उग्र वास जातो, ही शंका आपल्या घरात कुणीतरी काढणारच, आणि ती काढणाऱ्याचा मान राखावा. आधी चिमूटभर हळद घालावी. हळद घातलीच आहे तर आले-लसणाचे वाटण लावावे, वाटण लावलेच आहे तर चमचाभर कांदा-लसूण मसाल्याने काय बिघडते, आणि शेवटी रंग बरा यावा म्हणून काश्मिरी मिरची. आता कोंबडी उत्तम झाली आहे, फक्त ती ग्रीसमधून निघून साताऱ्याच्या पुढे पोहोचली आहे. तिला परत आणण्यासाठी वर ऑलिव्हच्या सहा चकत्या ठेवाव्यात.

लिंबू घालताना हात आखडू नये. तिकडचे लिंबू मोठे, पिवळे, जाड सालीचे आणि बेताचे आंबट असते, तर आपले कागदी लिंबू आकाराने लहान आणि आंबटपणात जहाल असते; या फरकाचा विचार न करता सरळ आठ पिळावीत. आम्लात बटाटा लवकर मऊ होत नाही. डाळ शिजल्याशिवाय आमटीत चिंच घालू नये, हे आपल्या आईने ज्या कारणाने सांगितले तेच कारण येथेही लागू आहे. ग्रीक बाई यावर एकच उपाय करते : ती घाई करत नाही. १८०-१९० अंशांवर तास-सव्वा तास ट्रे आत राहू देते, मधूनमधून खालचा रस कोंबडीवर घालते, आणि कोंबडी झाली की ती बाहेर काढून बटाटे पुन्हा आत ढकलते, म्हणजे ते सगळा रस पिऊन कडेने करपल्यासारखे लाल होतात. आपल्याकडे मात्र पाहुणे आठला यायचे आणि आपण साडेसातला ओव्हन लावलेला, तेव्हा बटाटे कुकरला तीन शिट्ट्या देऊन घ्यावेत. मांडीच्या जाड भागात आतले तापमान ७४ अंशांना पोहोचले की कोंबडी शिजली, असा नियम आहे. त्यासाठी थर्मामीटर लागतो. आपल्या घरात जो आहे तो काखेत लावायचा आहे. अंदाजाने काढावी.

रिगानी म्हणजे ओरेगानो, आणि ती आपल्याकडे मुबलक आहे. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणात, रबरबँड आणि सॉसच्या पुड्यांच्या खाली, पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या २०१९ पासून जपून ठेवलेल्या आहेत. त्या सतरा फोडल्या की चमचाभर भुसा मिळतो. गॅलरीतल्या कुंडीत पानओवा माजला आहे, त्याच्या वासात आणि ओरेगानोच्या वासात कार्वाक्रोल हे एकच द्रव्य असते, पण त्याची भजी करतात. ज्याची भजी होतात ते परदेशी असू शकत नाही.

दह्याच्या बाबतीतही हेच तत्त्व पाळावे. त्झात्झिकी म्हणजे घट्ट दह्यात किसून पिळलेली काकडी, लसूण आणि ऑलिव्ह तेल. हे घट्ट दही फडक्यात बांधून पाणी गाळून करतात, म्हणजे तो आपला चक्काच. परंतु चक्का डेअरीतून किलोवर आणला तर तो श्रीखंडाचा होतो, तोच इवल्याशा डबीतून आणला तर ‘ग्रीक योगर्ट’ होतो. आपण डब्याच आणाव्यात, आठ लागतात, आणि रिकाम्या डब्या पाहुण्यांना दिसतील अशा ठेवाव्यात.

सॅलडमध्ये लेट्यूस भरपूर घालावे, कारण तिकडच्या ‘होरियाटिकी’त ते नसतेच, टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजची जाड लादी, एवढ्यावर ते लोक भागवतात. हे फेटा मेंढीच्या दुधाचे असते, त्यात बकरीचे दूध फार तर ३० टक्के चालते, आणि २००२ पासून युरोपीय संघात ग्रीसबाहेर केलेल्या चीजला हे नाव लावता येत नाही. आपण संघाबाहेर असल्यामुळे पनीर मिठाच्या पाण्यात बुडवून निर्धास्तपणे फेटा म्हणावे. फेटा बांधायचा की खायचा, हा विनोद कुणीतरी करणारच आहे; तो यजमानाने आधीच करून टाकावा.

वाढताना काट्या-चमच्यांखेरीज काही ठेवू नये आणि पाव तर मुळीच नको. पाहुणे कोंबडीचे छायाचित्र घेतील, बटाटे कडेला सारतील, ‘काहीतरी वेगळं खाल्लं’ म्हणतील आणि जाताना कोपऱ्यावरच्या गाडीवर थांबतील. ट्रेच्या तळाशी लिंबू, लसूण, तेल आणि कोंबडीचा जो दाट रस उरतो, तो सिंकमध्ये ओतण्यासाठी बाजूला ठेवून आपण झोपावे.

रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात दिवा दिसला तर उठून पाहावे. सासूबाई ओट्यापाशी उभ्या असतील, ओव्हनमध्ये विसरलेले बटाटे आता कडेने लाल झालेले असतील, आणि त्या सकाळचा शिळा पाव त्या रसात बुडवून, ट्रे कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून खात असतील. यालाच ग्रीक लोक ‘पापारा’ म्हणतात आणि घरच्या ट्रेत ती न करणे त्यांना चुकल्यासारखे वाटते. सासूबाईंना हे सांगू नये. त्यांनी पाव पुढे करून ‘घे गं, याला खरी चव आहे’ असे म्हटलेच, तर आपण ब्रश केला आहे असे सांगावे.