सायकलिस्ट व्हायचंय? आधी सायकल सोडा

घरात कॅरिअर, बास्केट आणि घंटी असलेली सायकल असेल तर ती आजच वॉचमनला देऊन टाका. तिच्यावरून तुम्ही वर्षानुवर्षं बँकेत गेला असाल, दळण आणलं असेल. पण त्याला सायकलिंग म्हणत नाहीत. ती गरज झाली. सायकलिस्टला सायकलची गरज असता कामा नये.

आता कार्बन फायबरच्या फ्रेमची घ्या. किंमत घरी सांगताना एक शून्य कमी सांगायची प्रथा आहे. तिला स्टँड नसतो, त्यामुळे कोथिंबीर आणायला कोपऱ्यापर्यंतसुद्धा स्कूटरच काढायची. नाहीतरी एवढा ऐवज भाजीवाल्याच्या भिंतीला टेकवून आत जायची छाती कोणाची आहे?

पोशाख म्हणजे पॅडवाली बिब शॉर्ट्स. तिच्या आत काही घालायचं नसतं, ही माहिती मिसळीच्या टेबलावर, शेजारचं कुटुंब ऐकत असताना द्यावी. पेडलला अडकणारे क्लीटचे बूटही हवेतच. पहिल्याच सिग्नलला पाय सुटणार नाही आणि तुम्ही तोडलेल्या झाडासारखे सावकाश, पूर्ण लांबीनिशी आडवे व्हाल. रिक्षावाले धावत येतील. आधी डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग तपासा, कोपराचं नंतर बघू.

मग ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस, 400 सत्तावीस आणि 600 चाळीस तासांत. चारही एकाच मोसमात पूर्ण केलीत की तुम्ही सुपर रँडोन्यूर. ही शर्यत नाही, इथे पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत, हे प्रत्येकाला बजावून सांगा आणि लगेच आपली वेळ सांगा. वाटेत पोचल्याचा पुरावा म्हणून बऱ्याचदा एटीएमची स्लिप घ्यावी लागते. पहाटे तीनला, हायवेवरच्या त्या काचेच्या खोलीत, ओल्या बोटांनी पिन दाबून शंभर रुपये काढायचे. स्लिपवर वेळ छापलेली असते आणि खाली शिल्लक. ती वाचू नका. तशीही जर्सीच्या मागच्या खिशात घामानं शाई उडून जाते, म्हणून आधी फोटो काढून ठेवा.

निघण्यापूर्वी पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, हेल्मेट, चमकणारं जॅकेट, सगळं तपासलं जातं. हे आजोबांच्या कानावर घालू नका. त्यांच्या वेळच्या पुण्यात सायकलला म्युनिसिपालिटीचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा. तेव्हा तपासणी चुकवायला लोक बोळातून जात; तुम्ही त्याच तपासणीसाठी फी भरून रांगेत उभे आहात, हे त्यांना या वयात झेपायचं नाही.

खंबाटकी चढताना शेजारून एखादा दूधवाला काळ्या सायकलवर, दोन्ही बाजूंना किटल्या लावून, विडी ओढत पुढे जाईल. घाबरू नका. त्याच्याकडे पॉवर मीटर नाही, त्यामुळे त्याने नक्की किती वॅट लावले हे कोणालाच कळणार नाही. शिवाय त्याची राइड स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवायच्या ॲपवर नाही, म्हणजे झालीच नाही. घाटमाथ्यावर तो थांबून ‘साहेब, गाडी बंद पडली का?’ असं आपुलकीनं विचारेल. त्याला समजावत बसू नका, उसाचा रस पाजा.

शहरातल्या सायकल ट्रॅकबद्दल मात्र कडक भूमिका ठेवा. त्यावर भेळेच्या गाड्या आणि मोटारी उभ्या असतात, याचा निषेध झालाच पाहिजे. निवेदन द्यायला सगळे एकाच मोटारीतून जा, पार्किंग मिळत नाही.

ऑफिसात कोणीतरी हमखास विचारेल, ‘सहाशे किलोमीटर मारता, मग आठ किलोमीटर ऑफिसला सायकलनं का येत नाही?’ अशा माणसाकडे थोडं कीव आल्यासारखं बघायचं. परवाच रात्रभर हायवेवर ट्रकांच्या बाजूने पेडल मारलेलं असलं, तरी आवाज स्थिर ठेवून सांगायचं, ‘वेडा आहेस का? ट्रॅफिक बघतोस ना केवढं असतं? सायकलवर जिवाची जोखीम कोण घेणार!’