पहिले प्रेम एक नोव्हेंबरच्या आत

ज्यांचे अपत्य या सप्टेंबरात अमेरिकेतल्या एखाद्या हायस्कूलच्या बारावीत जाऊन बसले आहे, अशा मराठी आईवडिलांसाठी हे मार्गदर्शन आहे. गुणवत्ता यादी आणि कट-ऑफ या रोकड्या व्यवहारातून वर आलेल्या आपल्या पिढीला इकडची पद्धत चटकन उमगत नाही. येथील नामांकित महाविद्यालयांना गुण तर हवेच असतात, शिवाय मुलाचे प्रेमही हवे असते, आणि ते बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांच्या आत जडलेले असावे लागते.

या प्रेमाच्या व्यवस्थेला अर्ली डिसिजन म्हणतात. मुलाने एकच महाविद्यालय निवडायचे, करारपत्रावर त्याने, आईवडिलांपैकी एकाने आणि शाळेच्या काउन्सेलरने अशा तिघांनी सह्या करायच्या, डिसेंबरच्या मध्यास होकार आला की अन्य सर्व ठिकाणचे अर्ज मागे घ्यायचे आणि मुकाट्याने तिथे जायचे. ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेन ही मंडळी या पठडीतली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचा खाक्या थोडा निराळा आहे: ती मुलाला बांधून घेत नाहीत, उत्तर द्यायला १ मेपर्यंत मुदत देतात, मात्र त्या काळात दुसऱ्या खासगी विद्यापीठाकडे लवकरचा अर्ज करू नये अशी त्यांची अट असते. एमआयटी लवकर अर्ज घेऊनही यातले काहीच मागत नाही. अशा लोकांविषयी आपल्याकडे ‘साधी माणसं आहेत’ असे म्हणून विषय बदलतात.

आता निवड कशी करावी, ते पाहू. सर्वप्रथम, मुलाला कुठे जावेसे वाटते हे विचारू नये. मूल बेसावध असल्यास ‘आपल्या राज्याचे रटगर्स विद्यापीठ चांगले आहे, घरापासून जवळ आहे आणि माझे दोन मित्र तिथेच जाणार आहेत’ असे एखादे समंजस उत्तर देऊन बसते, आणि मग ते उत्तर विसरायला लावण्यात ऑक्टोबर महिना निघून जातो. त्याऐवजी आकडे समोर घ्यावेत. उदाहरणार्थ, डिसेंबर २०२३ मध्ये ब्राऊनने लवकर आलेल्या ६,२४४ अर्जांतून ८९८ मुले घेतली, म्हणजे शंभरात चौदा. त्या वर्षीचे एकूण प्रमाण मात्र शंभरात पाचाच्या आसपास राहिले. चौदा हे पाचापेक्षा मोठे आहेत, आणि प्रेमाला एवढे कारण पुरेसे आहे. त्या चौदांमध्ये प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुले असतात, या गोष्टी हिशेबात धरू नयेत. धरल्यास आकडा लहान होतो आणि घरातले वातावरण बिघडते. फारच शंका आली तर ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या तिघा अभ्यासकांनी २००३ साली मांडलेला निष्कर्ष आठवावा: लवकर अर्ज करण्याचा फायदा सॅट या प्रवेशपरीक्षेतल्या सुमारे शंभर गुणांच्या तोडीचा असतो. शंभर गुणांसाठी आपण क्लासला किती डॉलर मोजले, हे आपल्याला तोंडपाठ आहेच.

महाविद्यालय ठरले, की मुलाला ते पूर्वीपासून का आवडत होते याचा शोध सुरू करावा. ब्राऊन ठरले असेल, तर तेथे १९६९ पासून खुला अभ्यासक्रम आहे, विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडायचे असतात. रविवारच्या मराठी शाळेपासून कुमॉनच्या क्लासपर्यंत आणि व्हायोलिनपासून रोबोटिक्सपर्यंत ज्या मुलाने आजवर स्वतः होऊन एकही गोष्ट निवडलेली नाही, त्याने या स्वातंत्र्याची आपल्याला लहानपणापासून ओढ असल्याचे अडीचशे शब्दांत लिहावे. कोलंबिया ठरले असेल, तर तेथे नेमके उलट आहे: १९१९ पासून चालत आलेला सक्तीचा गाभा-अभ्यासक्रम, सगळ्यांनी तेच ग्रंथ वाचायचे. त्याच मुलाने, तितक्याच कळकळीने, सामायिक वाचनाशिवाय आपले मन कसे रमत नाही हे लिहावे. शहाणे पालक दोन्ही मसुदे तयार ठेवतात.

आमच्या घरचा अनुभव सांगतो, संस्थेचे नाव घेत नाही. ३१ ऑक्टोबरच्या रात्री दाराशी हॅलोविनचा भोपळा सुकत होता, आत चकल्यांचा दुसरा घाणा चालू होता, आणि लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. बराच वेळ कळफलकाचा आवाज आला नाही. मग तिने मान वर करून विचारले, “बाबा, मला हे कॉलेज नक्की का आवडतं?” मी तिला तीन कारणे सांगितली. दोन तिने लिहून घेतली, तिसऱ्याला ती म्हणाली, “हे तुम्हाला आवडतं.”

यापुढचा विषय गोपनीयतेचा. शाळेच्या नेव्हिअन्स नावाच्या प्रणालीत मागील वर्षांच्या मुलांचे हिरवे-तांबडे ठिपके दिसतात. कोणत्या गुणांवर कोणाला घेतले आणि कोणाला परत पाठवले, हे त्यावरून कळते. ते पाहिल्यावर पालकांचा ठाम समज होतो की एका शाळेतून एका ठिकाणी दोन मराठी ठिपके हिरवे होणार नाहीत. म्हणून मंडळाच्या गणपतीत, आरती आणि जेवणाच्या रांगेच्या मध्ये, “मग, अर्ली कुठे?” असा प्रश्न आला की “अजून काही ठरलं नाही हो, तिचं तीच बघते” एवढेच बोलावे आणि समोरच्याच्या ताटात आणखी एक मोदक वाढावा. समोरचाही हेच उत्तर देईल. दोघांनी एकमेकांच्या गाडीवर मागच्या काचेला कोणत्या विद्यापीठाचा स्टिकर आहे ते पार्किंगमध्ये पाहून ठेवलेले असते, त्यामुळे कोणाची फसवणूक होत नाही.

पैशाचे मात्र बोलू नये, आणि हा सल्ला सर्वांत महत्त्वाचा आहे. या खासगी संस्थांचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च नव्वद हजार डॉलरच्या घरात गेला आहे, म्हणजे चार वर्षांचे साडेतीन लाखांहून अधिक झाले. कोथिंबिरीच्या जुडीवर मिरच्या फुकट मागणाऱ्या कुळात जन्मलेला माणूस या करारावर सही करतो तेव्हा आपल्याला किती मदत मिळेल, हे त्याला कागदावर मिळालेले नसते. संकेतस्थळावरच्या गणकयंत्राने काढलेला एक अंदाज तेवढा हाती असतो. मार्च-एप्रिलपर्यंत थांबणारा विद्यार्थी तीन-चार ठिकाणची मदतपत्रे शेजारी शेजारी ठेवून तुलना करू शकतो आणि एकाचा कागद दुसऱ्याला दाखवून चार पैसे वाढवूनही मागू शकतो. ज्याने लवकर वचन दिले त्याच्या हाती एकच कागद येतो. मदत खरोखरच अपुरी पडली तर करारातून सोडतात, हे खरे आहे. पण तेव्हा आपल्या प्रेमाचा अडथळा आपला पगार होता असे आपणच लेखी कळवायचे असते. ज्याला तुलनेची गरज नाही, त्याच्यासाठी ही सोय अत्यंत सोयीची आहे, आणि तिचा लाभ घेणाऱ्याला प्रवेशातही झुकते माप मिळते, हा निव्वळ योगायोग समजावा.

या योगायोगाकडे हार्वर्डचे एकदा लक्ष गेले होते. २००६ साली, डेरेक बॉक हंगामी अध्यक्ष असताना, लवकरच्या प्रवेशाने आधीच सुस्थितीत असलेल्यांचेच भले होते असे सांगून त्यांनी तो बंद केला. पाठोपाठ प्रिन्स्टननेही केला. बाकीचे बहुतेक वाट पाहत राहिले, पण मागे गेले नाहीत, आणि २०११ साली दोघांनीही तो पुन्हा सुरू केला. पुढे अर्जदार वाढले, विवेकबुद्धीचा प्रयोग पाच वर्षांत आटोपला, आणि कोणालाही फारसे लागले नाही.

आता डिसेंबर. निकालाच्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी आपापल्या खोलीत बसावे आणि मुलाला एकट्याला पोर्टल उघडू द्यावे. दाराला कान लावण्यास हरकत नाही. होकार असेल तर पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडतो. नकार असेल तर पत्र सभ्य असते. तिसरा प्रकार डेफर्ड, म्हणजे निर्णय पुढे ढकललेला. मुलगी पाहायला आलेली माणसे पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून उठत, तसाच हा प्रकार; त्याचा अर्थ तेव्हा आपल्या आईवडिलांना कळत होता आणि आता आपल्याला कळतो, पण मुलाला तो लगेच सांगू नये.

अशा घरांसाठी व्यवस्थेने अर्ली डिसिजन दोन ठेवले आहे. नियम तेच, सह्या त्याच तिघांच्या, आणि वचनही तेच: हीच माझी पहिली पसंती. मुदत साधारणपणे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची असते, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून मोजले तर तेरा दिवसांचे सुतक पाळून नवे पहिले प्रेम करायला जेमतेम आठवडाभर हातात उरतो. ब्राऊन, पेन, कोलंबिया यांच्याकडे ही दुसरी संधी नाही. शिकागोकडे आहे, व्हँडरबिल्टकडे आहे. जुना निबंध वापरता येतो. फक्त पाठवण्यापूर्वी तो एकदा मोठ्याने वाचावा. आमच्या परिचयातल्या एका घरी तो शेवटच्या रात्री वाचला गेला, म्हणून लक्षात आले की शिकागोच्या अर्जात तिसऱ्या परिच्छेदात मुलगा अजूनही ब्राऊनच्या गावातल्या, प्रॉव्हिडन्सच्या चढावर पावसात भिजत होता. शिकागोला चढ नाही. वडिलांनी तेथे सरोवराकाठचा वारा घातला, आईने ‘भिजत’चे ‘कुडकुडत’ केले, आणि ११ वाजून ४० मिनिटांनी काउन्सेलरला सहीसाठी ई-मेल गेला.