मनी प्लांट आणि बंद खोलीतली हवा: खुलासा

रत्नागिरी-चिपळूणकडच्या ग्रुपवर सध्या मेसेज फिरतोय: मनी प्लांट रात्रीही ऑक्सिजन सोडतो, पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या तरी हवा शुद्ध ठेवतो, फक्त रोज पाणी घाला, ‘नासा’ने सिद्ध केलंय.

नासाचा १९८९ चा अभ्यास खरा आहे, पण तो हवाबंद पेट्यांत झाला होता. घरात एरवी जेवढी हवा खेळते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं २०१९ च्या आढाव्यात निघालं. रात्री हा वेल आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो. अगदी थोडा, तेव्हा घाबरून बाहेरही काढू नका.

खरं नुकसान रोजच्या पाण्याने होतं. आषाढात आपल्याकडे दांडीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे कुंडीतली माती कुठून सुकणार? मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. बोटाच्या पेरभर माती कोरडी लागली तरच पाणी द्या.

मेसेजात नसलेली गोष्ट: पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजराने किंवा रांगत्या मुलाने पान चावलं तर तोंडाची आग होते. वेल उंच टांगा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.